घरी ठेवायचं की ॲडमिट करायचं? आधी रात्रपाळी कोण करणार ते ठरवा

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, ऐरोलीत एका कंपनीत रात्रपाळीला. गेले दहा-बारा दिवस त्याला झोप जवळजवळ नाही. शेजारचे आपल्याबद्दल बोलतात, मोबाईलमधून कुणी पाळत ठेवतंय, जेवणात काहीतरी कालवलंय, असं तो म्हणतो. घरचं अन्न बंद. सीलबंद पुड्यातली बिस्किटं खातो आणि पाणी फक्त तुमच्या हातचं पितो. अजून कुणावर हात उचललेला नाही. कोपरखैरण्याच्या घरात आई-वडील आहेत, वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. तुम्ही मोठी बहीण, सासर डोंबिवलीला, सध्या माहेरी येऊन राहिला आहात. वाशीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ॲडमिट केलंत तर बरं, पण घरी माणसं असतील तर घरीही करून बघू. आई म्हणते ॲडमिट केलं की शिक्का बसला. मामा म्हणतात सरळ ठाण्याला नेऊन टाका. तुम्ही विचारताय की कुठे लवकर बरा होईल.

मी मनोविकार वॉर्डात बरीच वर्षं परिचारिका होते. आता ठाणे आणि नवी मुंबईत डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरभेटी करते, म्हणजे दोन्हीकडचं काम हातानं केलेलं आहे. आजाराचं नाव मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. पण कुठे ठेवायचं हा निर्णय कसा घ्यायचा, ते सांगू शकते.

आधी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. औषध तेच असेल आणि ते रोज खरोखर पोटात जात असेल, तर फक्त पलंग हॉस्पिटलचा आहे म्हणून माणूस लवकर बरा होत नाही. झोप आणि बेचैनी पहिल्या काही दिवसांत सुधारू लागते. संशय आणि कानात येणारे आवाज ओसरायला आठवडे लागतात. एखादं औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायला डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे देतात. हे घरीही तसंच आणि वॉर्डातही तसंच.

यावर अभ्यासही झाले आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पै आणि कपूर या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे संशय आणि भास होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराच्या, रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. एक गट वॉर्डात दाखल झाला. दुसरा घरीच राहिला, औषधं घेत राहिला, आणि प्रशिक्षित परिचारिका त्यांच्या घरी नियमित जात राहिली. घरचा गट मागे तर पडला नाहीच, उलट लक्षणं, रोजचं कामकाज आणि घरच्यांवरचा भार या बाबतींत सरस ठरला. लंडनच्या इस्लिंग्टन भागातला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ऐन संकटात चोवीस तास हाकेला येणारं पथक दिलं, तेव्हा पुढच्या आठ आठवड्यांत पुष्कळ कमी लोकांना दाखल व्हावं लागलं. इंग्लंडभर अशी पथकं तोवर उभी राहू लागली होती.

हे वाचून आईला दाखवावंसं वाटेल. पण दोन्ही ठिकाणी काय दिलं होतं ते नीट बघा. बेंगळुरूत परिचारिका घरी येत होती, लंडनमध्ये रात्री-अपरात्री पथक येत होतं. उपचार घरी होत होते आणि ते करणारी माणसं शिकलेली होती. आपल्याकडे बहुतेक वेळा 'घरी ठेवलं' याचा अर्थ गोळ्यांची पट्टी आईच्या हातात दिली आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनी, इतकाच असतो. याला घरचा उपचार म्हणता येत नाही. त्या अभ्यासांचे निष्कर्ष अशा घराला लागू होत नाहीत.

म्हणून माझ्या मते प्रश्न असा विचारायला हवा: वॉर्डात जे काम तीन पाळ्यांमध्ये वाटलेलं असतं, ते तुमच्या घरात पुढचे काही दिवस कोण करणार, आणि ते हाताबाहेर गेलं तर रात्री दोन वाजता कुणाला फोन लागणार? याचं खरं उत्तर तुमच्याकडे असेल तर घर चालेल. नसेल तर आईचं प्रेम कितीही असलं तरी घर पुरणार नाही.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती कुठलाही निर्णय घेण्याआधी करायची. असं अचानक झालेलं वागणं मानसिक आजार नसताना, शारीरिक कारणानंही होतं. वर्तकनगरात एका आजींना 'वेड लागलं' म्हणून मला बोलावलं होतं. तपासणीत निघाला लघवीचा संसर्ग. ताप, मलेरिया, डेंग्यू, रक्तातली साखर किंवा सोडियम खाली येणं, थायरॉईड, डोक्याला मार, फिट येणं, या सगळ्यांत माणूस असंबद्ध बोलतो, त्याला दिसू नये ते दिसतं. रोज दारू पिणाऱ्यानं अचानक सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असंच होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. खूण अशी की शुद्ध कमी-जास्त होते. सकाळी बरा, संध्याकाळी कुठे आहे ते कळत नाही, तारीख-वार सुटतात. अशा माणसाला आधी साध्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं. तुमच्या भावाच्या रक्ताच्या तपासण्या झाल्यात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाल्या नसतील तर उद्या करून घ्या. गांजा किंवा जागं राहण्यासाठी काही घेत होता का, हे त्याला शांतपणे विचारा. तो बोलला नाही तर कंपनीतल्या मित्राला विचारा. ओरडायला नाही, उपचार बदलतो म्हणून.

आता ज्या परिस्थितीत मी घरी ठेवा असं कधीच म्हणत नाही, ती सांगते. मरणाची भाषा आणि त्याची तयारी. एखादा आवाज 'उडी मार' किंवा 'याला मार' असा हुकूम देत असेल आणि माणूस तो पाळायला निघाला असेल. पाणीही बंद झालं असेल. तासन् तास एकाच जागी दगडासारखा बसून असेल, बोलणं-गिळणं थांबलं असेल. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत आई भ्रमिष्टासारखी वागायला लागली असेल. तिथे तर एक दिवसही थांबायचं नाही, बाळाच्या जिवाचाही प्रश्न असतो. औषध सुरू झाल्यावर अंग ताठ होऊन जोराचा ताप आणि गोंधळ आला, तर तीही तातडीचीच वेळ. नुसती मान वाकडी होणं किंवा डोळे वर चढणं हा औषधाचा दुष्परिणाम असतो. दिसायला भयानक, पण एका इंजेक्शननं उतरतो. तेव्हा डॉक्टरांना फोन करा आणि जवळच्या हॉस्पिटलात जा. औषध स्वतःहून कायमचं बंद करू नका.

मरणाबद्दल तुम्ही भावाला सरळ विचारायला हवं. 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का रे?' असं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. उलट कित्येकदा माणूस तेव्हाच पहिल्यांदा मोकळा होतो. आणि आवाज येत असतील तर ते काय सांगतात हेही विचारा.

यातलं काहीच नसेल तर घराचा विचार करू. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे तो घरचं अन्न खात नाही आणि पाणी फक्त तुमच्या हातचं पितो. घर बरं असं आपण म्हणतो, कारण तिथे माणसाला सुरक्षित वाटतं. तुमच्या भावाला तिथेच भीती वाटतेय. त्याच्या मते विष स्वयंपाकघरातून येतंय. अशा वेळी आईनं दिलेली गोळी तो कशी घेणार? मी अशी माणसं पाहिली आहेत जी घरी आठवडाभर गोळी गालात धरून थुंकत होती, आणि वॉर्डात अनोळखी सिस्टरच्या हातून दुसऱ्या दिवशी निमूट घेऊ लागली, कारण त्या सिस्टरशी त्यांचं काहीच वाकडं नव्हतं. हे आईला दुखतं. पण हा आजाराचा भाग आहे, आईच्या मायेवरचा शेरा नाही.

म्हणून तुमच्या घरी सगळी भिस्त तुमच्यावर आहे. तुम्ही तिथे असाल आणि तो तुमच्या हातून गोळी घेत असेल, तरच घर हा पर्याय आहे. तुम्हाला परवा डोंबिवलीला परत जावं लागणार असेल, तर आजच ॲडमिट करा असं मी सांगेन.

गोळी देण्याबद्दल एक विनंती आहे. आमटीत, चहात चुरून देऊ नका. जेवणात काहीतरी घालतात असं ज्याला वाटतंय, त्याच्या जेवणात आपण खरंच काहीतरी घातलं आणि त्याला कळलं, तर त्याचा संशय खरा ठरला. मग पाण्याचा तो एक धागाही तुटेल. डॉक्टरांना विचारा, जिभेवर विरघळणारी गोळी मिळते का. काही औषधांची मिळते, ती गालात लपवता येत नाही. पट्टी त्याच्यासमोर फोडा, नाव वाचू द्या, 'ही झोपेसाठी आणि डोक्यातली ही धावपळ कमी व्हायला आहे' असं खरं तेच सांगा. घेतल्यावर दोन मिनिटं बोलत बसा. अन्नाचंही तसंच. न सोललेली केळी, उकडलेली अंडी टरफलासकट, सीलबंद दूध किंवा ताक, शहाळं त्याच्यासमोर फोडून. पोळी-भाजी खाल्लीच पाहिजे असा हट्ट या आठवड्यात नको.

आता रात्र. दिवस कसाही निघतो. घरं मोडतात ती रात्री. पहिल्या दोन रात्री सगळे जागतात, तिसऱ्या रात्री सगळेच झोपतात, आणि गोष्टी घडतात त्या तिसऱ्या रात्री. वॉर्डात रात्रीची सिस्टर सकाळी घरी जाऊन झोपते, म्हणून ती दुसऱ्या रात्री नीट बघू शकते. तुम्हालाही तेच करावं लागेल. निदान तीन धडधाकट मोठी माणसं हवीत. एक दहा ते दोन, दुसरं दोन ते सहा, तिसरं रात्रभर झोपलेलं, जे सकाळी ताजं असेल. वडिलांना यात धरू नका. मामांना खरंच मदत करायची असेल तर सल्ल्याऐवजी त्यांच्याकडून दोन ते सहाची पाळी मागा. ब्युरोतून माणूस घेणार असाल तर त्यानं मनोविकाराच्या रुग्णाबरोबर काम केलंय का ते विचारा. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना सांभाळणारा मुलगा इथे घाबरून जातो, आणि घाबरलेला माणूस हात उगारतो.

घराकडे एकदा परक्याच्या नजरेनं बघा. मजला कितवा? गॅलरीला आणि सगळ्या खिडक्यांना ग्रिल आहे का? घोडबंदर रोडच्या आणि खारघरच्या नव्या टॉवरमध्ये मोठ्या सरकत्या काचा असतात आणि ग्रिल लावायला सोसायटी परवानगी देत नाही. अशा विसाव्या मजल्यावर मी डॉक्टरांना घरचा उपचार नको म्हणून सांगते, बाकी सगळं जमत असलं तरी. बाथरूमची आतली कडी काढून टाका. वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, फिनेल, सुऱ्या कुलपात. गाडीची चावी तुमच्याकडे. सोसायटीच्या सेक्रेटरींना सगळं सांगायची गरज नाही, 'भाऊ आजारी आहे, गच्चीचं दार बंद ठेवा आणि तो एकटा खाली उतरला तर वॉचमननं मला फोन करावा' एवढं पुरे. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि त्याला खोलीत कोंडू नका. बांधू तर अजिबात नका. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवलेल्या आश्रमात आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेल्या २८ माणसांचा जीव गेला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीला पूर्ण बंदी आहे. कोंडल्याशिवाय किंवा बांधल्याशिवाय तो सांभाळता येत नसेल, तर घराची मर्यादा तिथेच संपली असं समजा आणि निघा.

बोलण्याचं म्हणाल, तर 'शेजारी असं काही बोलत नाहीत, तुला भास होतोय' हा वाद दिवसातून वीस वेळा होत असेल. त्यातून कुणीच जिंकत नाही. 'हो हो, बोलतात' हेही नको. 'मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय आणि तू घाबरलायस, हे मला दिसतंय. मी इथेच आहे,' एवढंच. टीव्हीवरच्या बातम्या बंद. भेटायला येणाऱ्यांची रांग बंद. कुणी गंडा-अंगारा आणला तर आईची श्रद्धा दुखवू नका, अंगारा लावू दे. फक्त उपास, धूर, मारणं, आणि औषध थांबवणं या चार गोष्टींना ठाम नकार द्या. घरातल्या टोमण्यांनी आजार उलटतो हेही अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. 'नोकरी जाईल, लोक काय म्हणतील' हे या महिन्यात त्याच्या कानावर पडू नये.

एक वही ठेवा. किती तास झोपला, किती ग्लास पाणी, काय खाल्लं, गोळी किती वाजता, काही विशेष. यापलीकडे काही नको. डॉक्टरांना 'आधीपेक्षा बरा वाटतो' याचा उपयोग नसतो. 'सोमवारी दोन तास झोपला, बुधवारी पाच' याचा असतो.

आता दुसरी बाजू. हॉस्पिटल म्हटलं की आईच्या डोळ्यासमोर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय येतं, कारण 'तुला ठाण्यालाच पाठवायला पाहिजे' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येकानं चिडवताना ऐकलंय. १९०१ सालची ती संस्था आहे, राज्यात अशी चार आहेत, बाकीची पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. तिथेही ओपीडी चालते, तिथूनही माणसं बरी होऊन घरी जातात, आणि खर्च न परवडणाऱ्यांना तो मोठा आधार आहे. पण दाखल करणं म्हणजे तिथेच, असं मुळीच नाही. नेरूळ, कामोठे, कळवा इथल्या मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत मनोविकार विभाग आहेत. तिथे बहुधा एक नातेवाईक जवळ राहतो. रक्त तपासणारा, हृदय बघणारा डॉक्टर त्याच इमारतीत असतो. पहिल्यांदा आजारी पडलेल्या तरुण मुलासाठी मला हा पर्याय नेहमी बरा वाटतो.

नातेवाइकांना आत घेण्याची रीत आपल्याकडची जुनी आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा पुरत नव्हती, तेव्हा डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबांनाच मुक्कामाला बोलावलं. माणसं लवकर सुधारत आणि घरची माणसं आजार समजून घेऊन परत जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाईक सोबत राहण्याची पद्धत पहिल्यापासून आहे. तेव्हा आईला सांगा, ॲडमिट केलं म्हणजे मुलाला सोडून आलो असं होत नाही. तुम्ही तिथेही त्याच्या उशाशी असू शकता, फरक इतकाच की रात्री झोपू शकता.

वॉर्डात जे मिळतं ते घरी मिळत नाही: तोंडानं घेत नसेल तर इंजेक्शन, डोस दिवसातून दोनदा बदलण्याची सोय, रक्तदाब-तापावर लक्ष, आणि घरच्यांना विश्रांती. वॉर्डात जे बिघडतं तेही सांगते. दिवे, आवाज, बाजूच्या खाटेवरचा ओरडणारा माणूस. आणि नेतानाची झटापट. चार जणांनी फरफटत नेलेला माणूस बरा झाल्यावरही ते विसरत नाही, पुढच्या वेळी औषधाला हात लावत नाही. म्हणून न्यायचं ठरलं तर त्याला खोटं सांगू नका, 'बाबांच्या तपासणीला चाललोय' वगैरे. 'तुला झोप नाही, मला काळजी वाटते, डॉक्टरांकडे जातोय, मी सोबत राहणार आहे,' हे सांगा. पुष्कळ जण दोन-तीनदा नाही म्हणून नंतर तयार होतात. दमलेले तेही असतात.

घरी येऊन उचलून नेणाऱ्या गाड्यांपासून सावध राहा. फोनवर 'आमची माणसं येतील, काळजी करू नका' म्हणतात, आणि कुठल्याशा केंद्रात नेऊन महिनाभर भेटू देत नाहीत. अशा एका केंद्रातून आलेल्या मुलाच्या मनगटावरचे वळ मी स्वतः धुतलेत. २०१७च्या कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय मानसिक आरोग्य आस्थापना चालवता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारा, आणि पहिल्या दिवसापासून भेटू देणार का ते विचारा. दोन्हींपैकी एकावरही चाचरले तर फोन ठेवा.

शिक्क्याच्या भीतीपोटी कायद्याचा जो गैरसमज असतो तोही दूर करते. दाखल होण्यासाठी आता कोर्टाचा कागद लागत नाही. भाऊ स्वतः हो म्हणाला तर तो स्वतःच्या सहीनं दाखल होतो आणि डिस्चार्जही मागू शकतो. त्याची निर्णय घेण्याची अवस्था नसेल आणि त्याला किंवा इतरांना धोका असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर कलम ८९ आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, त्याच्या प्रतिनिधीच्या (त्यानं नेमलेला, नाहीतर नातेवाईक) अर्जावर, जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं, आणि त्याची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. अगदी तातडीच्या वेळी, कलम ९४ प्रमाणे, कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, तेही घरी येऊनसुद्धा. विम्याचं म्हणाल तर याच कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलंय, तेव्हा कंपनीच्या मेडिक्लेमचे कागद काढून बघा. घरभेटींचे पैसे मात्र बहुतेक वेळा खिशातूनच जातात.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: आधी शरीर तपासायचं, मग जिवाचा धोका, मग पाणी आणि गोळी खरोखर जातेय का, मग रात्रीची माणसं आणि घराच्या खिडक्या. याच क्रमानं. आजाराचं नाव या यादीत येत नाही, कारण एकाच आजाराची दोन माणसं मी एकाच आठवड्यात पाहिली आहेत. खारघरच्या एकत्र कुटुंबातला मुलगा घरीच सावरला. दिवा गावात एका खोलीत आईबरोबर एकटा राहणारा दुसरा दाखल करावा लागला, आणि तेच त्याच्या भल्याचं होतं.

तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट सांगते. लिहिलंय तेवढंच चित्र असेल, तपासण्या ठीक असतील आणि डॉक्टरांनाही मान्य असेल, तर तीन रात्री घरी बघा. पण अटी आधी कागदावर लिहून, आईसमोर ठरवून. तुम्ही तिन्ही रात्री तिथे हव्यात. पाळीला आणखी दोन माणसं हवीत. गोळी रोज तुमच्या डोळ्यांसमोर गेली पाहिजे. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं पाहिजे, मधे एकदा फोन. आणि कोणत्या गोष्टी घडल्या की वाद न घालता निघायचं तेही त्याच कागदावर: सलग दोन वेळा गोळी नाकारली, दिवसभर पाणी नाही, मरणाचा विषय निघाला, कुणावर धावून गेला, घराबाहेर पळाला, किंवा तुमच्यातलं कुणी 'आता मला होत नाही' म्हणालं. या शेवटच्या कारणाला कमी समजू नका. ते वैद्यकीय कारणाइतकंच खरं आहे. खाट कुठे मिळेल ते आजच विचारून ठेवा. रात्री दोनला शोधायला लागलात तर जे मिळेल ते घ्यावं लागतं.

तीन रात्रींत झोप वाढली, पाणी वाढलं, तर पुढचे तीन दिवस. असंच पुढे. संशय तेवढाच असला तरी निराश होऊ नका, तो उशिरा जातो.

ॲडमिट केलंत तर एका गोष्टीकडे डोळ्यात तेल घालून बघा. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, आत्महत्येचा धोका तेव्हा वाढलेला असतो. घरच्यांना वाटतं बरा झाला, पाहुणे येतात, कामावर जा म्हणतात. डिस्चार्जच्या कागदाबरोबर आठवड्याच्या आतली तपासणीची तारीख घेऊनच बाहेर पडा, आणि गोळ्या कुणी द्यायच्या ते तिथेच ठरवा. पहिल्या आजारानंतरही औषध साधारण वर्ष-दोन वर्षं चालतं, कमी करायचं ते डॉक्टरांनीच. या टप्प्यात घर आणि हॉस्पिटल असा झगडाच नसतो, दोन्ही लागतात. गोवा, तमिळनाडू आणि आपल्या साताऱ्यात झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना डॉक्टरांच्या उपचाराबरोबर गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटी मिळाल्या, तेव्हा नुसत्या ओपीडीपेक्षा थोडा पण खरा फरक पडला. ठाण्यात नौपाड्याच्या परिसरात विचारलंत तर आयपीएचचं, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचं नाव कुणीही सांगेल, १९९०पासून ते काम करताहेत. घरच्यांना बोलायला अशी जागा हवीच, आईला तर नक्की.

आज संध्याकाळी ओपीडी संपायच्या आत वाशीच्या डॉक्टरांना फोन करा आणि विचारा: तपासण्या कोणत्या, विरघळणारी गोळी मिळेल का, एक डोस चुकला तर काय करायचं, रात्री तुमचा किंवा तुमच्या सहाय्यकाचा कुठला नंबर लागेल, आणि दाखल करायची वेळ आली तर कुठे पाठवाल. रात्रीचा नंबर नाही असं उत्तर आलं तर तीन रात्रींचा बेत सोडा आणि दाखल करा. मधल्या काळात नुसतं बोलायचं, विचारायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवावर बेतलं तर रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. पोलीस आले तर दारातच सांगा की हा आजारी आहे, गुन्हेगार नाही, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातात ठेवा.